चौथा ठिपका

गोतावळ्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली, की आधी मामाला विचारायचं, मग बायकोला, आणि वेळ उरलाच तर स्वतःच्या मनाला, अशी रीतच पडून गेली होती. मामानं तीस वर्षं गाड्यांच्या खाली आडवं पडून काढली होती. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. शेजाऱ्यालाही तो कधी कधी दुसऱ्याच नावानं हाक मारी. पण गाडी एकदा खालून पाहिली, की ती तो जन्मात विसरत नसे.

प्रत्येक मेकॅनिकची एक खोड असते. मामाची खोड ठिपक्यांची. बोल्ट घट्ट केला, की त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका. आधी घट्ट, मग ठिपका. ठिपका नाही म्हणजे तो बोल्ट अजून झालेला नाही. बाकीचे मेकॅनिक पांढरा रंग वापरतात, पण तो दोन दिवसांत मळतो, असं मामाचं म्हणणं. पूर्वी तो स्वतः दुकानात जाऊन बाटली आणायचा. ‘कुणासाठी’ असं काउंटरवरच्या बाईनं विचारलं, की हा झुबकेदार मिशांचा माणूस सरळ सांगायचा, बोल्टसाठी. ती हसायची आणि मामा रागानं लाल व्हायचा. शेवटी भाचीच त्याला आपल्या उरलेल्या बाटल्या आणून देऊ लागली. त्यामुळे मामाच्या कामाची वर्षं रंगांवरून सांगता येत. गुलाबी ठिपका म्हणजे भाचीचं कॉलेज. लाल म्हणजे तिचं लग्न.

या भाचीला मामा घाईबाई म्हणायचा. ती सातव्या महिन्यातच जन्माला आली होती आणि तेव्हापासून तिचं सगळंच लवकर होतं. पडून हाड मोडल्यानं अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ती घरोघरी जाऊन हात-पाय हलवायला शिकवायची. आता तिला मोठ्या संस्थेत नोकरी लागली होती. डोंगराच्या पलीकडची गावं, बरोबर मशीनची भली मोठी पेटी. स्कूटरवर ती पेटी मावणं शक्य नव्हतं. सोमवारी स्वतःची चारचाकी घेऊन हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आज शनिवार होता. मामानं आतापर्यंत अकरा गाड्यांना नकार दिला होता.

“मामा, तू गाडी बघतोयस की जावई?” वाटेत तिनं विचारलं.

“जावई बघायला मला कुणी नेलं नव्हतं,” मामा म्हणाला. “नाहीतर तिथेही खाली वाकून बघितलं असतं.”

ते मामाच्याच गाडीतून चालले होते. ती एक जुनी, लांबट, पांढरी गाडी होती. मागची सीट काढून तिथे मामानं हत्यारं भरली होती. वळणावर सगळे पाने एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घरंगळत आणि घाईबाई कानांवर हात ठेवी. या डबड्यात कुणी ओळखीचं दिसलं तर मी खाली वाकते, असं ती लहानपणापासून म्हणत आली होती.

गाडी विकणाऱ्या बाई एका शांत गल्लीच्या टोकाला राहत. सत्तरीच्या, सडपातळ, पाठीचा कणा ताठ. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी दार उघडताच सांगून टाकलं, की बारा वाजता आणखी एक गृहस्थ गाडी बघायला येणार आहेत आणि ते बघणार नाहीत, घेऊनच जाणार आहेत. घाईबाईनं घड्याळ पाहिलं. सव्वादहा झाले होते.

“मामा, आता जरा हात चालव.”

“हात चालतील तसेच चालतील,” मामा म्हणाला, आणि खिशातून चुंबक काढलं.

चुंबकाला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळलेला असायचा, रंगावर ओरखडा उठू नये म्हणून. मामानं ते करड्या गाडीच्या चारही बाजूंनी फिरवलं. जिथे पत्रा ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, तिथे चुंबक पकड सोडतं. इथे कुठेच सोडलं नाही. त्यानं बॉनेटला हाताची मागची बाजू लावली, थंडगार. म्हणजे कुणी आधी इंजिन गरम करून आवाज लपवलेला नव्हता. दारांच्या फटी सारख्या. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. घाईबाई त्याच्या मिशांकडे बघत होती. मिशा खाली वळल्या की गाडी गेली, हे तिला अकरा वेळा कळलं होतं. आज मिशा जागच्या जागी होत्या.

मग तो पुढच्या डाव्या चाकापाशी बसला आणि टायरवरून त्यानं बोट फिरवलं. टायर आतल्या बाजूनं जास्त झिजलं होतं.

“गाडी डावीकडे ओढते का, बाई?”

बाईंनी गाडीच्या टपावर हात ठेवला. “गाडीचं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “गाडी चांगली आहे.”

मामानं जॅक लावला, चाक काढलं, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि चटई अंथरून आत शिरला. टॉर्चचा उजेड वर टाकला आणि तो स्वतःशीच हसला. बोल्टच्या डोक्यांवर ठिपके होते. गर्द जांभळे.

“घाईबाई, खाली ये. गंमत दाखवतो.”

ती गुडघ्यांवर बसली, मान वाकडी करून तिनं आत पाहिलं. “अगंबाई, हा तर माझा रंग. दवाखान्यात जायच्या आठवड्यात घेतला होता. तिथे नखं रंगवलेली चालत नाहीत म्हणाले, म्हणून कोरी बाटली तुला देऊन टाकली.” ती उठून उभी राहिली, आणि तिचा आवाज वरून आला, एकदम हलका झालेला. “बाई, ही गाडी आमच्या मामानंच केलेली आहे. आता बघायचं काही राहिलंच नाही. मी घेतली.”

“थांब,” मामा म्हणाला. पण तोही अजून हसतच होता.

त्याला गाडी आठवली. चार वर्षांपूर्वीची. डाव्या चाकाचा खालचा आर्म बदलला होता, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात. चार बोल्ट. त्यानं सवयीनं मोजायला घेतले. एक ठिपका, दोन, तीन. चौथ्या बोल्टवर टॉर्च थांबला. ठिपका नव्हता.

पडला असेल, मामानं मनात म्हटलं. दगड लागला असेल, चिखलानं गेला असेल. त्यानं फडक्यानं बोल्टचं डोकं पुसलं, नखानं खरवडलं. बाकीच्या तिन्हींवर जांभळा रंग कालच लावल्यासारखा होता आणि या एकावर रंगाचा कणसुद्धा नव्हता. मामानं पाना लावला. जोर लावायची वेळच आली नाही. पान्याच्या टोकाला करंगळी लावली, तर बोल्ट फिरला. लॉकनट होता, म्हणून तो गळून पडला नव्हता इतकंच. चार वर्षं तो हळूहळू ढिला होत इथवर आला होता.

मामानं टॉर्च चारही बोल्टांवरून पुन्हा फिरवला.

वर बाई बोलत होत्या. घाईबाईनं गाडी घेतली म्हटल्यावर त्यांचा जीव मोकळा झाला असावा.

“तुमच्या मामांनी विचारलं तेव्हा मी टाळलं, पण तुम्ही घेताय तर सांगते. गाडी डावीकडे जाते ती माझ्यामुळे. हे होते तोवर गाडी तेच चालवायचे, अधूनमधून मी. तेव्हा नीट जायची. मग हे गेले. त्यानंतर मी चालवायला घेतली, तर ही डावीकडेच ओढायला लागली. दोनदा चाकं सरळ करून आणली. आठवडाभर बरी जायची, पुन्हा तेच. मी विचार केला, गाडी तीच, रस्ता तोच. मग यात बदललेलं काय आहे? मी.”

“अहो, तसं काही नसेल,” घाईबाई म्हणाली.

“फळ्यावर चाळीस वर्षं पट्टी न लावता सरळ रेघ मारली मी. मुलं पट्टी घेऊन यायची, मोजायची आणि गप्प जागेवर जाऊन बसायची. आता त्याच हाताला गाडी सरळ धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, हात ठीक आहेत, पण डॉक्टरांना काय कळतं. मुलगा म्हणाला, विकून टाक, कुणाला तरी उडवशील. खरंच आहे त्याचं. वर्षभरात मी बाजारापलीकडे गेलेली नाही.”

मामाला गाडीखालून त्यांच्या चपला दिसत होत्या, एका जागी खिळलेल्या. शेजारी घाईबाईचे बूट सारखे पुढे-मागे करत होते. त्याला बाहेर निघावंसं वाटत होतं आणि तिथेच पडून राहावंसंही वाटत होतं. 

“यांना तुमचे मामा फार आवडले होते बरं का,” बाई म्हणाल्या. “नाव नाही सांगितलं त्यांनी, पण घरी आले ते दोन्ही हात काळे करून. मला म्हणाले, त्या मेकॅनिकच्या घरी मुलगी झाल्याचा फोन आला, त्यानं माझा हात धरला तो सोडेचना.”

“ती माझी मुलगी,” घाईबाई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं.

मामाला सगळं आठवलं. फोन वाजला तेव्हा तीन बोल्ट झाले होते आणि पाना चौथ्यावर होता. मुलगी झाली, आई-मुलगी दोघी बऱ्या आहेत, हे ऐकून तो ओरडतच बाहेर पळाला होता. गाडी घेऊन आलेल्या त्या उंच गृहस्थांचा हात धरला होता, समोरच्या दुकानदाराला सांगितलं होतं, कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला सांगितलं होतं. तासाभरानं परत येऊन त्यानं चाक चढवलं होतं. चौथा बोल्ट झाला, असं तो धरूनच चालला होता. ठिपके मोजले नव्हते. तीस वर्षांत त्या एका दिवशी मोजले नव्हते.

की एकाच दिवशी नव्हते? ती जांभळी बाटली दीड वर्ष पुरली होती. या शहरात किती गाड्यांच्या पोटाखाली तो रंग फिरत असेल?

त्यानं पाना लावला. गंजाच्या कडेवर आर्मची जुनी जागा दिसत होती, तिथवर आर्म पहारीनं सरकवला आणि बोल्ट आवळला, आणखी आवळला, दंड थरथरेपर्यंत आवळला. झालं. गाडी आता सरळ जाणार होती. खिशात या वर्षीची नारिंगी बाटली होती. एक ठिपका लावायचा आणि बाहेर यायचं. घाईबाईला गाडी मिळेल, सोमवारी ती नोकरीवर जाईल, मामाचं नाव जिथल्या तिथे राहील. बाईंना तरी काय, त्यांनी गाडीवरून मन कधीच काढून घेतलं होतं.

त्यानं बाटलीचं झाकण उघडलं. ब्रश बाहेर काढला. वर बाई सांगत होत्या, की बहीण डोंगरापलीकडे राहते, पूर्वी दर रविवारी त्या जायच्या, आता फोनवरच बोलतात. मामानं ब्रश पुन्हा बाटलीत घातला. पुन्हा काढला. ब्रशवरचा थेंब त्याच्या मिशीवर पडला. मग त्यानं झाकण लावलं, आणि आपल्याच मूर्खपणाला हलकी शिवी हासडून तो बाहेर सरकला.

“मामा, मिशीला काय लावलंस?” घाईबाई हसली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं.

मामा चटईवरून उठलाच नाही. बसल्या बसल्याच बोलला. 

“बाई, तुमचे हात ठीक आहेत. चूक माझ्या हातांची आहे. चार बोल्ट होते, मी तीन घट्ट केले. चौथा तसाच राहिला. तो हळूहळू ढिला होत गेला, म्हणून चाक सरकायचं, म्हणून गाडी ओढायची. तुमचा काही दोष नव्हता. चार वर्षं.”

गल्लीत कुणीतरी खिडकीतून सतरंजी झटकत होतं, तेवढाच आवाज.

“तुटून पडला असता तर?” बाईंनी विचारलं. परीक्षेत विचारावं तसं, सावकाश.

“तुम्ही जोरात चालवत नव्हतात म्हणून वाचलात,” मामा म्हणाला. “मी काही केलं म्हणून नाही.”

“मामा,” घाईबाई म्हणाली, “झालं काय होतं त्या दिवशी?”

मामानं फडक्याला हात पुसले. आधीच पुसलेले हात त्यानं पुन्हा पुसले.

“काही नाही. विसरलो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं बाईंकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. ते काळे हात आणि तो फोन तिनं नुकताच ऐकला होता. तिला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती. मामाला ते कळलं आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं चाक चढवलं, जॅक उतरवला आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. “एक चक्कर मारून बघा. थोडं अलाइनमेंट लागेल, ते मी करून देईन. पण आता ओढणार नाही.”

बाईंनी नको म्हणून मान हलवली. मग चष्मा पुसला, गाडीत बसल्या, सीट पुढे घेतली. गाडी गल्लीतून सरळ गेली. त्यांनी मध्येच स्टिअरिंगवरचे दोन्ही हात एक बोटभर उचलले, हे मागच्या काचेतून मामाला स्पष्ट दिसलं. गाडी तशीच सरळ जात राहिली. कोपऱ्यावर दिवा लागला, उजवीकडचा, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली.

दोघं फाटकापाशी उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घाईबाईनं घड्याळ पाहिलं नाही. पावणेबारा झाले, हे मामानंच पाहिलं.

“त्या गाडी देणार नाहीत आता,” ती म्हणाली.

“नाही देणार.”

“आत पडल्या पडल्या आवळून गप्प बसला असतास, तर मला कळलंही नसतं.”

“नसतं कळलं.”

“मला राग आलाय मामा. कशाचा आलाय ते कळत नाही, पण खूप आलाय.”

“येऊ दे,” मामा म्हणाला. 

बाई बारा वाजायला पाच मिनिटं असताना परत आल्या. गाल लाल झाले होते आणि केसांची एक बट सुटली होती. त्या थेट मामासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा मामा खाली मान घालून होता.

“मी तुमच्यावर भयंकर रागावले आहे,” त्या म्हणाल्या. “पण आज नाही भांडणार. आज मला वेळ नाही.” मग घाईबाईकडे वळून म्हणाल्या, “मला माफ करा. बहिणीकडे जायचंय.” आणि बारा वाजताच्या गृहस्थांना फोन करायला त्या आत निघून गेल्या.

मामानं हत्यारं आवरली. चटई गुंडाळली, ठोकळे उचलले, पांढऱ्या डबड्याचं मागचं दार उघडलं आणि मग काहीच आत न ठेवता तसाच उभा राहिला. मग आतलीच एकेक वस्तू उचलून खाली काढायला लागला. सुटे पाने, हातोडे, ऑइलचे डबे. सगळं काढून झाल्यावर त्यानं किल्ली घाईबाईपुढे धरली.

“मागे पेटी मावेल तुझी. सोमवारी ही ने. दुसरी मिळेपर्यंत ठेव. मी हत्यारं गॅरेजमध्ये ठेवतो, मला तिथे चालत जाता येतं.”

एरवी तिनं किल्ली झडप घालून घेतली असती. या गाडीला ती कितीही नावं ठेवो, मामाची स्वतःची गाडी म्हणजे घरातली सगळ्यात भरवशाची वस्तू, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं किल्ली घेतली. आणि ती तळहातावर तशीच ठेवून उभी राहिली.

“हिचे बोल्ट कुणी बघितलेत?”

“मीच,” मामा म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिनं ते पुसलं नाही.

“चटई टाक,” ती म्हणाली. “आणि जॅक लाव. मी आत जाते.”

मामानं चटई टाकली. जॅक लावला, ठोकळे सरकवले, दोनदा हलवून पाहिले. घाईबाई आपल्या स्वच्छ कपड्यांनिशी पाठीवर झोपली आणि आत सरकली. टॉर्च तिच्याकडे होता. पाना मामानं तिच्या हातात दिला.

“एक,” खालून आवाज आला. पान्याची करकर. मग बराच वेळ काहीच नाही. “दोन.”

बाईंच्या घरात फोनवरचं बोलणं संपलं होतं. बारा वाजून गेले होते. मामा उन्हात उकिडवा बसून मोजत होता, आणि खाली घाईबाई एकेका ठिपक्यावर थांबत होती, पाना लावत होती, जोर करून बघत होती आणि मगच पुढे सरकत होती. तिला कसलीच घाई नव्हती.